एकच आज्ञावली, दोन संगणक

मनुष्याने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राला कळणाऱ्या रूपात परिवर्तन करण्याच्या क्रियेस ‘बिल्ड’ म्हणजे बांधणी असे म्हणतात. मोठी आज्ञावली शेकडो फायलींत विभागलेली असते. कंपायलर त्यांचे एकेक करून रूपांतर करतो व अखेरीस त्या एकत्र जोडल्या जातात. मूळ मजकूर तोच असूनही बांधणी एका संगणकावर निर्विघ्न पार पडते, दुसऱ्यावर अडते आणि पुन्हा प्रयत्न करताच तेथेही तडीस जाते, असा अनुभव वारंवार येतो. असे दोष लहरी भासतात. वस्तुतः कोठेही नोंद नसलेली एखादी बाब परिणामावर प्रभाव पाडीत असते.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल प्रयोगशाळेत निर्माण केलेल्या ‘मेक’ या साधनाचे उदाहरण घेऊ. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे, याची यादी त्याला पुरवावी लागते. या यादीत एक नोंद राहून गेली, असे समजू. कामे एकामागून एक होत असतील, तर क्रम योगायोगाने जुळतो आणि चूक झाकली जाते. अनेक कामे एकाच वेळी चालविणाऱ्या संगणकावर मात्र एखादी फाइल तयार होण्यापूर्वीच दुसरे काम तिचा शोध घेऊ लागते आणि बांधणी अडते. फाइलींच्या नावांतील लहानमोठ्या रोमन अक्षरांचा भेद लिनक्स प्रणाली सहसा मानते, विंडोज सहसा मानीत नाही. हेही अपयशाचे एक कारण होय.

निदानाचा मार्ग एकच: एका वेळी एकच बाब बदलावी. प्रथम कामे एकेक करून चालवावीत. दोष नाहीसा झाल्यास संशय क्रमावर जातो. त्यानंतर कंपायलरच्या आवृत्त्या ताडून पाहाव्यात. 2022 मध्ये ‘ग्नू मेक’मध्ये कामांचा क्रम हेतुपुरस्सर विस्कटण्याची सोय आली, ती दडलेला दोष उघड व्हावा म्हणूनच.

डेबियन प्रकल्पाने 2013 पासून याच विचाराला व्यापक रूप दिले. दिनांक, कालविभाग यांसारख्या बाबी मुद्दाम बदलून तीच आज्ञावली दोनदा बांधली जाते व दोन्ही फलिते तंतोतंत ताडली जातात. यामागे केवळ सोयीचा विचार नाही. वापरणाऱ्याच्या हाती येते ते बांधलेले रूप. ते जाहीर केलेल्या मजकुरातूनच निर्माण झाले की वाटेत त्यात कोणी काही मिसळले, हे त्याला दिसत नाही. कोणत्याही संगणकावर तेच फलित मिळत असेल, तरच त्रयस्थाला त्याची शहानिशा करता येते.