प्रिंट अडकली कुठं? जुन्या विंडोजवरचा प्रिंटर समजून घेऊ

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांचं सगळं काम मोबाईलवर चालतं, पण घरात, दुकानात नाहीतर शाळेत एक जुना डेस्कटॉप अजून तग धरून आहे. एसटीत बसून ऐकताना बटणांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळं इथं लिहून ठेवलंय. प्रिंटरसमोर उभं राहून वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

मी मांडवगण फराट्याचा. भीमेच्या अलीकडं आमचा शिरूर तालुका, पलीकडं दौंड. आमच्याकडं सातबारा मोबाईलवर दिसतो, अर्ज मोबाईलवर भरला जातो, पैसेही मोबाईलवरून जातात. पण शेवटी कुणीतरी म्हणतंच, "ह्याची प्रिंट आणा." पीककर्जाला कागद लागतो, प्रवेशाला कागदांचा गठ्ठा लागतो. आणि ती प्रिंट बऱ्याचदा विंडोज ७ वर चालणाऱ्या, दहा-बारा वर्षं जुन्या मशीनवरून निघते. ती अडली की हाक कुणाला? "अरे, तुला मोबाईलमधलं सगळं कळतं ना? मग हे बघ की जरा!"

आता मोबाईल येणं वेगळं आणि प्रिंटर येणं वेगळं. पण प्रिंटर अवघडही नाही. एकच प्रश्न विचारायला शिकायचं: प्रिंट अडकली नेमकी कुठं?

प्रिंटचा रस्ता

तुम्ही प्रिंट म्हटलं की ते काम थेट कागदावर जात नाही. आधी ज्या प्रोग्रॅममधून प्रिंट दिली तो, म्हणजे वर्ड किंवा पीडीएफ रीडर, पान तयार करतो. ते स्पूलरकडं जातं. स्पूलर म्हणजे विंडोजमधला रांग सांभाळणारा. मग ड्रायव्हर त्या पानाचं प्रिंटरला समजेल अशा भाषेत रूपांतर करतो. ते पोर्ट आणि केबलमधून प्रिंटरमध्ये जातं, आणि तिथं कागद निघतो.

स्पूलर समजायला आपला साखर कारखाना बघा. गाळप हंगामात गाडीतळावर उसाच्या गाड्या नंबर लावून उभ्या असतात. पुढची गाडी काट्यावरच बंद पडली, तर मागच्या पन्नास गाड्यांमध्ये कितीही चांगला ऊस असू दे, एकही हलत नाही. तसंच इथं. पहिली फाइल अडली की मागच्या सगळ्या थांबतात. आणि आपण काय करतो? परत प्रिंट, परत प्रिंट. म्हणजे रांगेत आणखी गाड्या लावतो.

म्हणून पहिला नियम: एकदा प्रिंट दिली आणि निघाली नाही, तर दुसऱ्यांदा बटण दाबायचं नाही. आधी शोधायचं.

दोन चाचण्या, दोन मिनिटं

पहिली चाचणी प्रिंटरची एकट्याची. डेटा केबल काढा, फक्त वीज चालू ठेवा. बहुतेक प्रिंटरमध्ये स्वतःचं पान छापायची सोय असते. डॉट मॅट्रिक्सला साधारणपणे लाइन फीडचं बटण दाबून धरून पॉवर चालू करायची. लेझर आणि इंकजेटमध्ये प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये असते. पान नीट निघालं तर प्रिंटर बरा आहे, दोष कॉम्प्युटरकडं आहे. पान निघालंच नाही, तर विंडोजमध्ये तासभर डोकं घालून उपयोग नाही. कागद, झाकण, टोनर आणि आत अडकलेला कागदाचा तुकडा बघा.

दुसरी चाचणी विंडोजची. केबल परत लावा. स्टार्टमधून 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स' उघडा. एक्सपी असेल तर तिथं 'प्रिंटर्स अँड फॅक्सेस' असं नाव दिसेल. आपल्या प्रिंटरवर राइट क्लिक करून 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये जा आणि 'प्रिंट टेस्ट पेज' दाबा. हे पान निघालं तर स्पूलर, ड्रायव्हर, केबल सगळं ठीक. मग दोष त्या एका फाइलमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये.

ह्या दोन पानांनी अर्धं निदान होतं. आता एकेक ठिकाण बघू.

टेस्ट पेज निघत नसेल तर

प्रिंटरच्या आयकॉनवर हिरवी बरोबरची खूण आहे का? ती डिफॉल्ट प्रिंटरची खूण. ती भलत्याच नावावर असेल तर तुमच्या प्रिंट भलतीकडंच जात असतात. राइट क्लिक करा आणि 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रिंटर' निवडा.

मग प्रिंटरच्या नावावर डबल क्लिक करून रांग उघडा. वरच्या 'प्रिंटर' मेनूमध्ये 'पॉज प्रिंटिंग' किंवा 'यूज प्रिंटर ऑफलाइन' समोर टिक असेल तर ती काढा. खूप वेळा सगळा गोंधळ एवढाच असतो.

एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतायत, आणि एकापुढं 'कॉपी १' लिहिलंय? ह्याचं कारण केबल. साफसफाईत कुणीतरी यूएसबी केबल काढून दुसऱ्या खाचेत लावली की विंडोजला वाटू शकतं, हा नवा प्रिंटर आला. जुनं नाव जुन्या पोर्टवर वाट बघत बसतं. केबल मूळ खाचेत लावा, नाहीतर नव्या नावाला डिफॉल्ट करा. खाचेवर चिकटपट्टी लावून 'प्रिंटर' लिहून ठेवा. फुकटातला उपाय आहे.

रांग अडली तर

रांगेत फाइल दिसते, तिला 'कॅन्सल' केलं तरी 'डिलीटिंग' म्हणत तशीच बसते. अशा वेळी गाडीतळ रिकामा करावा लागतो.

प्रिंटर बंद करा. स्टार्टच्या शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' लिहा आणि ती खिडकी उघडा. यादीत 'प्रिंट स्पूलर' सापडेल, त्यावर राइट क्लिक करून 'स्टॉप'. आता सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात स्पूल, आणि त्यात 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर. त्या फोल्डरमधल्या फाइली डिलीट करा. फोल्डर ठेवायचं. शेजारीच 'ड्रायव्हर्स' नावाचं फोल्डर असतं, त्याला हात लावायचा नाही. मग परत सर्व्हिसेसमध्ये येऊन स्पूलर 'स्टार्ट', आणि शेवटी प्रिंटर चालू. ह्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. रांगेतल्या सगळ्यांच्याच प्रिंट जातील, त्यामुळं शेजारी कुणी वाट बघत असेल तर आधी सांगा.

ही रांग साफ करायचं आणखी एक कारण आहे. अडकलेली कामं विसरली जातात. संध्याकाळी कुणीतरी केबल नीट लावतं, आणि सकाळच्या माणसाच्या आधारकार्डाच्या सहा प्रती अनोळखी माणसासमोर पडतात. कागद कुणाचा आणि पडला कुणाच्या हातात, हा प्रश्न प्रिंटरच्या बिघाडापेक्षा मोठा आहे.

टेस्ट पेज निघतं, पण मराठी बिघडतं

इंग्रजी नीट येतं आणि देवनागरीच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं येतात, हे जुन्या मशीनवर नेहमीचं. फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केली असेल आणि तो फॉन्ट ह्या मशीनवर नसेल, तर स्क्रीनवरच अक्षरं बिघडलेली दिसतील. तिथं फॉन्ट टाकावा लागेल, किंवा मूळ मशीनवरूनच पीडीएफ करून आणावी लागेल.

पण स्क्रीनवर मराठी नीट आणि कागदावर बिघडलेलं, तर गडबड बहुतेक फॉन्ट आणि ड्रायव्हर यांच्यात आहे. अ‍ॅडोबी रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबा आणि 'प्रिंट अ‍ॅज इमेज'वर टिक करा. मग पान अक्षरं म्हणून न जाता चित्र म्हणून जातं. वेळ जास्त लागतो, पण जे दिसतं ते छापलं जातं.

प्रिंटरचा दोषच नसतो तेव्हा

"सातबाऱ्याची प्रिंट निघत नाही" म्हणून हाक येते आणि बघावं तर साइटच उघडत नसते. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला, की वीज गेल्यावर मशीन कित्येक वर्षं मागची तारीख दाखवायला लागतं. मग सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीचं वाटतं आणि तो साइट अडवतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सेल सीआर २०३२ असतो, स्वस्तात मिळतो.

दुसरं कारण ब्राउझर. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या सुरुवातीची. नव्या साइट तिथं अडखळणारच. मग साधा मार्ग: पीडीएफ मोबाईलवर डाउनलोड करा, डेटा केबलनं मोबाईल मशीनला जोडा, मोबाईलवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि फाइल उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडायची गरजच नाही. उघडलंच असेल, तर मोबाईलच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून तिथून लॉग आउट होऊनच निघा.

आणि वीज. लेझर प्रिंटर आतला रोलर तापवताना एकदम जास्त वीज ओढतो. तो कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावला तर यूपीएस ओरडतो, कधी मशीनच बंद होतं. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर हवा. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. रीम उघडी टाकू नका.

ड्रायव्हर शोधताना जपून

हे सगळं करूनही टेस्ट पेज निघत नसेल, तर ड्रायव्हर काढून परत टाकावा लागतो. आधी 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'सिस्टिम टाइप' बघा, ३२ बिट की ६४ बिट. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही.

ड्रायव्हर फक्त प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. शोधात वर येणारे 'ड्रायव्हर अपडेटर' टाळा. आणि 'प्रिंटर हेल्पलाइन' म्हणून सापडलेल्या कुठल्याही नंबरवर फोन करू नका. तिकडचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन बघायचं अ‍ॅप टाकायला लावतो आणि खात्यातले पैसे काढतो. घरातल्यांसाठी शोधाशोध आपणच करतो, त्यामुळं ही जबाबदारीही आपलीच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा मोफत सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला. जुलै २०२१ मध्ये ह्याच प्रिंट स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची फट सापडली. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टला विंडोज ७ साठीही दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा जुनं मशीन प्रिंट काढायला खुशाल ठेवा, पण बँकेचं काम त्यावर नको, आणि गरज नसेल तेव्हा इंटरनेटची वायर काढलेलीच बरी.

तरीही जमलं नाही तर कारागिराला बोलवा, पण नुसतं "प्रिंटर चालत नाही" म्हणू नका. चार गोष्टी सांगा: प्रिंटरचं मॉडेल, विंडोज कोणती आणि किती बिटची, एकट्या प्रिंटरचं पान निघतं का, टेस्ट पेज निघतं का. स्क्रीनवर जो संदेश येतो त्याचा फोटो पाठवा. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसे वाचतील, आणि चांगला प्रिंटर भंगारात जाणार नाही.

आणि हो, हे सगळं अर्जाच्या शेवटच्या तारखेला करू नका. आज घरी गेलात की एक टेस्ट पेज काढून बघा. भेटू पुढच्या भागात!