ऑनलाइन दुकानाची सजावट आणि राखण

वर्डप्रेस या वेबसाइट-प्रणालीला जोडलेल्या वूकॉमर्स या प्लगइनवर चालणारे दुकान सर्व्हरवर दोन जागी राहते. एका जागी फायली असतात: वर्डप्रेसचा गाभा, दुकानाचे रूप ठरवणारी थीम, निरनिराळी कामे करणारी प्लगइन आणि मालाचे फोटो. दुसरी जागा डेटाबेसची. मालाची नावे, किमती, शिल्लक साठा, ग्राहकांचे पत्ते आणि आलेली प्रत्येक ऑर्डर तिथे नोंदली जाते. फायलींना हात लावतो तो दुकानदार किंवा त्याचा डेव्हलपर, तोही कधीमधी. डेटाबेस मात्र दुकानदार झोपलेला असतानाही ग्राहकांमुळे बदलत असतो. ही विभागणी अगदी काटेकोर नाही. मेनू, पानांचा मजकूर, थीमचे रंग हेही डेटाबेसमध्येच जाऊन बसतात, आणि पुढच्या बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या, काम थांबलेल्या ब्लॉगप्रणालीवरून ती तयार केली. वूकॉमर्सची कथाही तशीच. वूथीम्स कंपनीने २०११ मध्ये जिगोशॉप या मुक्त प्रणालीची वेगळी शाखा काढून ते उभे केले आणि २०१५ मध्ये मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने वूथीम्स विकत घेतली. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स दोन्ही मुक्त परवान्याची, फुकट मिळणारी. शॉपिफायसारख्या सेवेत दरमहा भाडे भरले की सर्व्हर आणि अपडेट कंपनी बघते. वूकॉमर्समध्ये होस्टिंगचा खर्च सोडला तर भाडे नाही, पण घर स्वतःचे म्हटल्यावर पावसाळ्याआधी कौलेही स्वतःच चाळावी लागतात.

नव्या दुकानात सजावटीआधी सेटिंग लावून घेणे शहाणपणाचे. बहुतेक जण उलटे करतात: बॅनरचा रंग ठरवण्यात आठवडा जातो आणि डिलिव्हरीचे दर उद्घाटनाच्या आदल्या रात्री घाईघाईने भरले जातात. देवगडहून हापूस विकणारे दुकान उदाहरणादाखल घेता येईल. आंबा एकच, पण तो दोन डझनांच्या खोक्यात आणि पाच डझनांच्या पेटीत विकायचा असतो. अशा वेळी दोन वेगळी उत्पादने न करता एकाच उत्पादनाची दोन व्हेरिएशन करतात. प्रत्येकाला स्वतःची किंमत, वजन आणि साठा देता येतो. पिकत आलेली फळे फार दिवस वाटेत राहून चालत नाहीत, म्हणून माल कुठे पाठवायचा हे पिनकोडवरून ठरवावे लागते. शिपिंग झोनमध्ये ४११ लिहून पुढे तारांकन दिले की त्या आकड्यांनी सुरू होणारे पुण्याचे सगळे पिनकोड एका झटक्यात येतात. इथे एक खोच आहे. वूकॉमर्स झोनची यादी वरून खाली वाचते आणि पत्ता ज्या झोनमध्ये पहिल्यांदा बसेल तिथेच थांबते. ‘भारत’ हा झोन ‘पुणे’च्या वर राहिला तर पुणेकरांनाही भारतभराचा दर लागतो, आणि दुकानदार मात्र पुण्याचा दर पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

सेटिंगबरोबर कायद्याने मागितलेली माहितीही आली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दुकानावर दिसले पाहिजे असे ते सांगतात. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. ही माहिती देणारी पाने थीमसोबत आलेल्या नमुना मजकुरावर सोडून देण्याची चूक सर्रास दिसते.

मराठी नावे देणाऱ्या दुकानांपुढे आणखी एक अडचण येते. उत्पादनाच्या नावावरून वर्डप्रेस आपोआप पानाचा वेब पत्ता बनवते, आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ रोमन चिन्हांत बदलून साठवले जाते. काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. या पत्त्याच्या रकान्याची मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस. ‘देवगड हापूस पाच डझनांची पेटी’ एवढ्या साध्या नावाचा पत्ताही मर्यादेबाहेर जातो आणि शेवटच्या ‘पेटी’तला फक्त ‘प’ उरतो. नाव मराठीतच ठेवून पत्त्याचा भाग तेवढा रोमन अक्षरांत हाताने भरला की हे टळते, आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवताना टक्केचिन्हांची लांबलचक शेपूटही दिसत नाही.

मग येते थीम. वूकॉमर्सची स्वतःची स्टोअरफ्रंट ही फुकट थीम साधी आहे आणि नव्या दुकानाला पुरते. जानेवारी २०२२ मधल्या वर्डप्रेसच्या ५.९ आवृत्तीपासून ब्लॉक थीमही आल्या. त्यांत हेडर, फूटर, उत्पादनाचे पान हे सगळे माउसने हलवता येते. थीमच्या फायली थेट बदलणे हा मात्र हमखास पश्चात्तापाचा मार्ग. थीमचा पुढचा अपडेट आला की मूळ फायलींवर नव्या फायली बसतात आणि केलेले काम पुसले जाते. यावर उपाय चाइल्ड थीमचा. वेगळ्या फोल्डरमध्ये एक छोटी थीम करायची, तिच्या स्टाइल फायलीच्या सुरुवातीला मूळ थीमच्या फोल्डरचे नाव नोंदवायचे आणि बदल तिच्यातच करायचे. जे चाइल्ड थीममध्ये नसेल ते वर्डप्रेस मूळ थीममधून घेते. उत्पादनाच्या पानाचा साचा बदलायचा असेल तर वूकॉमर्समधली ती फाइल चाइल्ड थीममधल्या वूकॉमर्स नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करून बदलतात. अशी कॉपी गोठलेली असते. मूळ साचा पुढे सुधारला तरी ती जुनीच राहते, म्हणून वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर कालबाह्य साच्यांची यादी येते. मोठ्या अपडेटनंतर ती पाहावी.

पीएचपी कोडमध्ये एक अर्धविराम सुटला तरी अख्खी साइट बंद पडू शकते. पूर्वी पडदा पांढराफटक व्हायचा. मे २०१९ मधल्या ५.२ आवृत्तीपासून अशा वेळी वर्डप्रेस प्रशासकाच्या ईमेलवर एक खास लिंक पाठवते. तिच्यावरून आत शिरून बिघडलेले प्लगइन किंवा थीम बंद करता येते. हा ईमेल साइट बनवून देऊन केव्हाच निघून गेलेल्या डेव्हलपरचा असतो, ही गोष्ट मात्र नेमकी त्याच दिवशी लक्षात येते.

म्हणून मोठे बदल स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या वेगळ्या प्रतीवर करून पाहतात. अनेक होस्टिंग कंपन्या एका बटणात अशी प्रत काढून देतात. प्रत काढताच तिच्यातले पेमेंट गेटवे टेस्ट मोडवर न्यावे आणि ईमेल बंद करावेत. खऱ्या ग्राहकांचे ईमेलही तिथे आलेले असतात, आणि चाचणी म्हणून एखादी ऑर्डर ‘पूर्ण’ केली तर त्यांना तसा निरोप जातो. खरा धोका उलट्या प्रवासात असतो. सोमवारी प्रत काढली, गुरुवारी बदल पूर्ण झाले आणि पूर्ण प्रत मूळ दुकानावर चढवली, तर मधल्या तीन दिवसांतल्या ऑर्डरी नाहीशा होतात. ब्लॉगला असे करणे चालून जाते, दुकानाला नाही. फायली तेवढ्या वर न्याव्यात, आणि डेटाबेसमधली सेटिंग मूळ दुकानात पुन्हा हाताने करावीत. कंटाळवाणे काम आहे, पण सुरक्षित.

बॅकअप घ्यायचा तो डेटाबेसचा, डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरचा आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग फायलीचा. वर्डप्रेसचा गाभा केव्हाही पुन्हा उतरवून घेता येतो. डेटाबेसचा बॅकअप घेताना टेबले निवडून घेण्याचा हिशेबीपणा अंगाशी येतो. पूर्वी ऑर्डरी वर्डप्रेसच्या पोस्ट टेबलांतच राहायच्या. ऑक्टोबर २०२३ मधल्या वूकॉमर्स ८.२ पासून नव्या दुकानांत त्या स्वतंत्र टेबलांत जातात. कुठल्यातरी जुन्या लेखातली टेबलांची यादी उतरवून घेतली तर बॅकअपमध्ये सगळे असते, ऑर्डरी तेवढ्या नसतात.

किती वेळा घ्यायचा, याचे उत्तर एका प्रश्नात आहे: किती तासांची विक्री बुडाली तर सोसेल? आंब्याच्या दुकानाला ऑगस्टमध्ये आठवड्याचा बॅकअपही पुरतो. एप्रिलच्या शेवटी, अक्षय्य तृतीयेच्या आसपास, दर तासाला घेतला तरी जास्त नाही. फायली मात्र तेव्हाही रोज एकदा घेतल्या तरी भागते. डेटाबेस आणि फायलींचे वेळापत्रक वेगळे ठेवण्याची सोय चांगल्या बॅकअप प्लगइनमध्ये असते. एसएसएचची सोय असलेल्या होस्टिंगवर डेटाबेसची प्रत काढणारी मायएसक्यूएल-डंप ही आज्ञा क्रॉनमधून ठरल्या वेळी आपोआप चालवता येते. तिला सिंगल-ट्रान्झॅक्शनचा पर्याय दिला की दुकान चालू असतानाही इनोडीबी टेबलांची एकाच क्षणाची प्रत मिळते. अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ ठेवावा. चुकीच्या संचातून गेलेली मराठी परतताना प्रश्नचिन्हे होऊन येते, आणि प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षरे काढता येत नाहीत.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर आपत्तीत दोन्ही एकत्रच जातात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांना परत मिळवायला काही उरले नाही. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम छोट्या दुकानालाही झेपतो. चालू साइट, क्लाउड स्टोरेज आणि घरातली हार्ड डिस्क एवढ्यात तो पुरा होतो.

बॅकअपची प्रत चोराच्याही कामाची असते, कारण तिच्यात नावे, पत्ते आणि फोन नंबर असतात. कार्डांचे नंबर नसावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ते साठवताच येत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये अपड्राफ्टप्लस या तीस लाखांहून अधिक साइटवरच्या बॅकअप प्लगइनमध्ये एक त्रुटी सापडली होती. साइटवर साधे खाते असलेल्या कुणालाही बॅकअप उतरवून घेता आला असता. वर्डप्रेसने दुरुस्ती सक्तीने साइटवर पोहोचवली. त्या मानाने बॅकअपची झिप फाइल सार्वजनिक फोल्डरमध्ये विसरून जाणे हा धोका कुठल्याही त्रुटीशिवाय घडतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. झिपला पासवर्ड आणि क्लाउड खात्याला दुहेरी पडताळणी, एवढे तरी हवेच.

बॅकअप उघडतो का, हे तो परत बसवल्याखेरीज कळत नाही. गिटलॅब ही तर सॉफ्टवेअरवाल्यांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. तेव्हा रोजचा बॅकअप आवृत्ती जुळत नसल्यामुळे केव्हापासूनच होत नव्हता, आणि तसे सांगणारे ईमेल पोहोचतच नव्हते. सुमारे सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवर त्यांचे निभावले. छोट्या दुकानाने तिमाहीत एकदा बॅकअप स्टेजिंगवर बसवून पाहावा: शेवटची ऑर्डर दिसते का, फोटो उघडतात का, चेकआउट होते का.

खरोखर बसवायची वेळ आली तर आधी नव्या ऑर्डरी थांबवाव्यात आणि बिघडलेल्या साइटचीही प्रत घ्यावी. बॅकअपनंतरच्या ऑर्डरी तिच्यातूनच सापडू शकतात. त्याही नाही सापडल्या तर पेमेंट गेटवेच्या नोंदी आणि दुकानाच्या ईमेलमध्ये आलेल्या ऑर्डरसूचना जुळवून यादी करता येते. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’च्या ऑर्डरींचा गेटवेकडे पत्ताच नसतो, त्यांना ईमेलचाच आधार. साठ्याचे आकडे मागे गेलेले असतात. विकलेल्या पेट्या पुन्हा शिल्लक दिसतात आणि दुकान उघडताच त्या दुसऱ्यांदा विकल्या जातात, म्हणून गोदामातला माल मोजून साठा आधी दुरुस्त करायचा. ऑर्डरचे क्रमांकही मागे जातात. बुडालेल्या ऑर्डरीचा क्रमांक नव्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि त्यावरूनच जीएसटी बिलाचा क्रमांक निघत असेल तर एकाच आर्थिक वर्षात एका क्रमांकाची दोन बिले होतात. नियमाला ते चालत नाही. सापडलेल्या ऑर्डरी हाताने भरून, पुढचा क्रमांक शेवटच्या दिलेल्या बिलाच्या पलीकडे नेऊन ठेवल्यावर चेकआउट सुरू करावे.