जुन्या टर्बो डिझेलचा 'स्लो' आपोआप वाढतोय? स्क्रू फिरवण्याआधी हे वाचा

२८ फेब्रुवारी २००२ ला मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. त्याच वर्षी २० जूनला महिंद्राची स्कॉर्पिओ बाजारात आली. म्हणजे शहर आणि गाडी अगदी एका वयाची. शहराला २०२५ मध्ये एमएच ५८ हा स्वतःचा आरटीओ क्रमांक मंजूर झाला, पण पहिल्या पिढीतल्या स्कॉर्पिओ, सफारी आणि सुमो आजही एमएच ०४ च्या पाटीसह काशिमीऱ्याच्या सिग्नलला थरथरत उभ्या दिसतात.

त्या थरथरीबद्दलच बोलायचंय.

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगानं फिरतं, त्याला आयडल म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'स्लो' म्हणतात. "दादा, स्लो सेट करून द्या ना" असं म्हटलं की मेकॅनिक बॉनेट उघडतो, एक पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर घेतो, पाच मिनिटांत काम होतं. गाडी शांत, मालक खूश. बऱ्याचदा मात्र रोग तिथेच राहतो, फक्त खोकला थांबतो. टर्बो गाडीत तर हे भलतंच महागात पडू शकतं.

कसं ते बघू.

पेट्रोल इंजिनमध्ये हवा कमी-जास्त करून वेग ठरतो. जुन्या डिझेलमध्ये हवेला असा अडसर नसतो. तिथे वेग ठरवतं ते फक्त डिझेल. फ्युएल पंप जितकं डिझेल देईल, तितकं इंजिन पळणार. पंपावर एक छोटा लिव्हर असतो, त्याला ॲक्सिलरेटरची केबल जोडलेली असते. पाय काढला की तो लिव्हर मागे येऊन एका स्क्रूला टेकतो. हाच तो स्लोचा स्क्रू. तो आत घेतला की लिव्हर जरा पुढेच अडतो आणि स्लो वाढतो. बाहेर काढला की कमी होतो. लॉकनट सैल करायची, पाव-पाव फेरा फिरवायचा, काटा बघायचा आणि लॉकनट घट्ट करायची. काम एवढंच.

पण त्यासाठी इंजिन पूर्ण गरम हवं, एसी बंद हवा आणि केबलला थोडी ढील हवी. केबल ताणलेली असेल, तर लिव्हर स्क्रूपर्यंत पोचतच नाही. मग स्क्रू कितीही फिरवा, उपयोग शून्य. एसी लावल्यावर स्लो सावरायला बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा वेगळा डबा असतो आणि त्याची सेटिंगही वेगळी असते. एसी लावल्यावरच गाडी बसत असेल, तर दोष बहुतेक त्या डब्यात किंवा त्याच्या तडकलेल्या पाइपमध्ये असतो. तेव्हा मूळ स्क्रू आवळू नये. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला धरायचा. अशी इंजिनं साधारण ७०० ते ९०० आरपीएमच्या आसपास ठेवलेली असतात.

त्याच पंपावर आणखी दोन स्क्रू असतात. एक कमाल वेगाचा, तो सील केलेला असतो. दुसरा जास्तीत जास्त डिझेलचा. खरी गडबड या दुसऱ्यात आहे. घोडबंदरच्या घाटात गाडी ओढत नाही म्हणून कोणीतरी 'पिकअप वाढवून' देतो, म्हणजे हा स्क्रू आत घेतो. गाडी ओढायला लागते, काळा धूर सोडते आणि स्लोही वाढतो. मग वाढलेला स्लो कमी करायला दुसरा मेकॅनिक स्लोचा स्क्रू बाहेर काढतो. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि मालकाला वाटतं गाडी झकास झाली. प्रत्यक्षात जास्त डिझेल जळतंय, सायलेन्सरकडे जाणारा वायू जास्त तापतोय आणि तो सगळा ताप टर्बोला सोसावा लागतोय.

टर्बोचं गणित समजून घेतलं, तर स्लोची किंमत कळते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक पंखा फिरतो. त्याच्याच दांड्यावर बसलेला दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यानं १९०५ मध्येच पेटंट केली होती. जोरात पळताना हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे मारतो. तो फिरतो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर, आणि ते ऑइल येतं इंजिनच्याच पंपाकडून. स्लो फार खाली आणला की ऑइलचा दाबही खाली जातो. उलट गाडी तासन्‌तास स्लोवर ठेवली, तर टर्बोच्या सीलपाशी हवेचा दाबच नसतो आणि ऑइल थोडं थोडं पाझरू शकतं. दहिसर नाक्यावर हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, पण रांगेत स्लोवर उभं राहणं काही माफ झालेलं नाही.

गायमुखचा घाट चढून आलात आणि लगेच चावी काढली, तर लालबुंद टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच करपतं, त्याचा कोळसा होतो. म्हणून घाट किंवा हायवे मारून आल्यावर मिनिटभर गाडी स्लोवर ठेवायची. घराकडचे शेवटचे दोन किलोमीटर हळूच आला असाल, तर तेवढ्यातच टर्बो थंड झालेला असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. स्लो कमी असणं, गाडी बंद पडणं, मिसिंग येणं याची कारणं साधी असतात. डिझेल फिल्टर चोकअप, लाइनमध्ये हवा, नोझल खराब, टॅपेट बिघडलेले. इंजिनचं फाउंडेशन बसलं असेल, तर इंजिन नीट चालत असूनही अख्खी गाडी हलते. लोक त्यासाठीही स्लो वाढवून घेतात. हे सगळं आधी बघायचं, स्क्रू शेवटी.

पण स्लो आपोआप वाढत असेल, कोणी हात न लावता, आणि मागून निळसर धूर येत असेल, तर तो स्क्रूचा विषयच नाही. टर्बोचं सील गेलं की इंजिन ऑइल हवेच्या पाइपातून थेट सिलिंडरमध्ये जातं. डिझेल इंजिनला ते ऑइल इंधनासारखंच चालतं. हे इंधन पंपातून येत नाही, त्यामुळे स्लोचा स्क्रू त्याला थांबवू शकत नाही. गळती वाढली, तर एक दिवस इंजिन स्वतःहून पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल बंद करते. रेस चढत जाते आणि ऑइल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत चालते.

असं झालंच तर? गिअरच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. पुढे माणसं असतील, तर आधी त्यांना बाजूला व्हायला सांगा. हे जमलं नाही, तर गाडीतून उतरून लांब व्हा. बॉनेट उघडून वाकू नका आणि हवेच्या पाइपच्या तोंडावर हात तर अजिबात ठेवू नका.

ही वेळ येऊ नये म्हणून इंजिन थंड असताना दोन गोष्टी बघता येतात. पहिली ऑइलची पट्टी. ऑइल दर आठवड्याला कमी होत असेल आणि खाली डाग नसेल, तर ते जळतंय. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्या पलीकडे असेल, तर तेही वाईट, कारण जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या पाइपातून हवेतच जातं. दुसरी गोष्ट मेकॅनिककडून करून घ्या. टर्बोचा हवेचा पाइप काढायला लावा. आत ऑइलचा हलका ओलावा असणं नेहमीचं आहे, पण ऑइल साचलेलं नसावं. पंख्याचा दांडा बोटानं हलवला, तर आडवा किंचित हलणं चालतं. आत-बाहेर हलला, तर टर्बोवाल्याचा नंबर शोधा.

नंतरच्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे स्कॉर्पिओ सीआरडीई किंवा स्विफ्ट डिझेलसारख्या, स्लोचा स्क्रूच नाही. तिथे ईसीएम डिझेल मोजून सोडतं. स्लो डगमगला, तर इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा सेन्सर बघायचा आणि स्कॅनर लावायचा. "मी सेट करून देतो" म्हणत कोणी स्क्रूड्रायव्हर काढला, तर तो नेमका काय फिरवणार, ते आधी विचारा.

जुन्या गाडीच्या मालकाला हे टाळताही येत नाही. १५ वर्षांनंतर मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये आहे, आणि २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. शिवाय पीयूसी आहेच. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्टरिज युनिट आहे, आणि ती मोजताना गाडीला स्लोपासून थेट फुल रेस देतात. टर्बो ऑइल पीत असेल, तर फुल रेस देण्याची ही सगळ्यात वाईट वेळ. म्हणून आधी पट्टी आणि टर्बोचा पाइप बघून घ्या, पंपाचे स्क्रू बिघडले असतील तर पंप-नोझलवाल्याकडे मशीनवर कॅलिब्रेट करून घ्या, आणि मगच पीयूसीच्या रांगेत लागा.