घोडा नंतर, आधी खोगीर

सारंगखेड्याच्या यात्रेत पाऊल टाकलं की माणूस थेट घोड्यांकडे धावतो. पांढरेशुभ्र नुकरे, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेले मारवाडी, काठेवाडी, आणि एखाद्या लाखमोलाच्या घोड्याभोवती मोबाइल उंच धरून उभी असलेली गर्दी. बघावेतच. पण सकाळी जाऊन रात्री घरी परतायचं असेल, तर आधी साजाची दुकानं गाठावीत असं माझं मत आहे. घोड्याचं रूप कुणालाही कळतं. तो घोडा पुढे काय करणार, हे मात्र त्याच्या अंगावर चढणारं चामडं सांगतं.

सारंगखेडा तापीकाठी, शहादा तालुक्यात. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे धुळेकरांना ते अजून परकं वाटत नाही. जळगावहून निघणाऱ्याने सुरतकडे जाणारी गाडी धरावी. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा करत दोंडाईचा येतं. तिथे उतरून रस्त्याने तापी ओलांडली की सारंगखेडा. धुळेकरांनाही दोंडाईच्यावरूनच जायचं. एकमुखी दत्ताची ही यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते. ‘चेतक महोत्सव’ हे नाव अलीकडचं, घोडेबाजार त्याहून कितीतरी जुना.

साजाच्या दुकानात टांगलेल्या मालाचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला वरातीचा. मखमल, जर, आरसे, गोंडे आणि पायांत बांधायचे घुंगरांचे पट्टे. खानदेशात नवरदेवाच्या घोड्याला नाचताही यावं लागतं, त्यामुळे हा माल दुकानाच्या तोंडाशीच लटकतो. यात चामडं कमी, चमक जास्त. दुसरा गट टांग्याचा. त्यातली गळ्यातली जाड गादी आणि ओढीचे लांब पट्टे आता कुठेतरी मागे पडलेले असतात. तिसरा गट स्वारीचा: खोगीर, पोटाखालचा तंग, पाय ठेवायची रिकीब, लगाम, शेपटीखालची दुमची. खरं बघण्यासारखं आहे ते इथे.

खोगीर म्हणजे पाठीवर टाकलेली गादी, असं आपण समजतो. पण चांगल्या खोगिराच्या आत लाकडाचा सांगाडा असतो. स्वाराचं वजन घोड्याच्या कण्यावर पडता कामा नये, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर ते वाटलं जायला हवं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. परीक्षा सोपी आहे. घोड्यावर खोगीर ठेवल्यावर मागून वाकून बघावं, कण्यावरच्या पोकळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर पाठ सोलवटणार, आणि सोलवटलेल्या पाठीचा घोडा कितीही देखणा असला तरी काही काळ बसून खाणार.

रिकिबीच्या पट्ट्याचीही एक गंमत आहे. घोड्यावर चढायचं डाव्या बाजूने, त्यामुळे सगळा भार डाव्या पट्ट्यावर येतो आणि चामडं हळूहळू ताणतं. काही महिन्यांनी स्वार एका अंगाला कललेला दिसतो, आणि दोष बिचाऱ्या घोड्याच्या चालीला! दोन्ही पट्टे अधूनमधून आपसांत बदलले की झालं.

आता प्रश्न नायलॉनचा. ते स्वस्त आहे, धुता येतं, कुजत नाही आणि सहसा तुटत नाही. शेवटचा गुण वाटतो तेवढा निखळ नाही. डोक्याला घातलेली मोहरकी कशात अडकली आणि घोडा बिथरला, तर चामड्याचा पट्टा तुटतो आणि जनावर सुटतं. नायलॉन तुटत नाही, मग मान तरी दुखावते नाहीतर खुंट तरी उखडतो. वेळेवर तुटणं हेही चामड्याचं कामच आहे.

चामडं ओळखायला कापलेली कड बघावी. बाभळीची साल किंवा हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची कड आतपर्यंत तपकिरी असते. क्रोम वापरून कमावलेलं असेल तर मध्ये निळसर-करडी छटा दिसते. सालीने कमवायला आठवडे लागतात, क्रोमचं काम झटपट होतं. भावातला फरक बराचसा इथूनच येतो. रेक्झिनची पाठ उलटली की कापड दिसतं, मग पुढचं बोलणंच खुंटतं. भाव विचारताना ‘कितलाले?’, म्हणजे ‘केवढ्याला?’, एवढं पुरतं.

या मालावर खानदेशाचा शिक्का शोधायला गेलं तर निराशा होईल. घोड्याच्या चामडी साजाचं देशातलं मोठं केंद्र कानपूर. १८५७ नंतर ब्रिटिश फौजेसाठी तिथे खोगीर-लगामांचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि भोवती कारागिरी वाढली. तिथल्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकनही आहे. मेक्सिकोत हालिस्को राज्यातलं कोलोत्लान हे गाव असंच खोगिरांसाठी नावाजलेलं आहे. अननसाच्या कुळातल्या एका रानझाडाच्या पानांपासून काढलेल्या पांढऱ्या धाग्याने तिथे पट्ट्यांवर आणि खोगिरांवर भरतकाम करतात. तिथे वस्तू बनते त्याच गावात विकली जाते. सारंगखेड्यात बाजार भरतो, कारखाना नाही.

मग आपल्याकडे चामड्याचं काम नव्हतंच का? होतं, पण ते घोड्याचं नव्हतं, बैलाचं आणि विहिरीचं होतं. बाभळीला इथे तोटा नव्हता. ढोर समाज कातडं कमवायचा, चर्मकार त्याची पाणी उपसायची मोट शिवायचा. मोटेचं तोंड रुंद आणि खाली निमुळती सोंड. जाड नाडा मोट ओढायचा, बारीक सोंदूर सोंड सांभाळायचा. मोट वर आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात. मोट फाटली तर मळ्याचं पाणी थांबायचं, म्हणून शिवणाऱ्या हाताला सुगीला धान्याचं बलुतं मिळायचं. मान मात्र त्या मापाने कधी मिळाला नाही. केळीच्या बागांना पाणी देणारा जळगाव जिल्हा एकेकाळी चामड्यावर उभा होता, हे आज कुणी सहसा बोलत नाही. ऑइल इंजिन आलं, मग विजेचे पंप आले आणि मोट गेली. पोळ्याच्या बाजारात बैलांच्या घुंगरमाळा अजून दिसतात, पण पट्टा बहुधा नायलॉनचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं, तसं मिरवायला मोट शिवणाऱ्या हातांना काही उरलंच नाही.

आपल्याकडे घोडा नसला तरी यात्रेतून रिकाम्या हाताने यायची गरज नाही. कमरेचा पट्टा घ्यावा. घेण्याआधी तो दुमडून बघावा, घडीवर तडे उमटले तर परत ठेवावा. घरी आणल्यावर घाम कोरड्या फडक्याने पुसावा, कधीमधी तेलाचा हात फिरवावा. आणि भिजला तर उन्हात टाकू नये, सावलीत वाळवावा. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात तो दोन दिवसांत पापडासारखा कडक होईल.