इंग्रजींतील ‘परंतु’

सुरगाण्याचें लहानसें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें; आज तो नाशिक जिल्ह्यांतील, गुजराथच्या सीमेस लागलेला तालुका आहे. तेथील पुष्कळ मुलें घरीं कोंकणा किंवा डांगी बोली बोलतात व शाळेंत मराठी शिकतात. २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी सुरू झाल्यामुळें ही तिसरी भाषाही त्यांच्यापुढें त्याच वर्षीं येऊन उभी राहते. अशा मुलाच्या वहींत एक वाक्य हमखास सांपडतें: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुइ वेंट टु स्कूल.’ शिक्षक ‘बट’खालीं तांबडी रेघ ओढून मोकळे होतात. मुलास मात्र आपलें काय चुकलें हें कळत नाहीं. (पुण्याच्या सदाशिव पेठेंतील वह्या या बाबतींत फारशा निराळ्या नसतात, हेंही सांगून टाकावें.)

ही चूक अज्ञानाची नव्हे, मातृभाषेच्या संवयीची आहे. मराठींत ‘जरी’ आलें कीं ‘तरी’ यावयाचेंच. संस्कृतांतही ‘यद्यपि’ची जोडी ‘तथापि’शीं. त्यांतही ‘जरी’ एक वेळ गाळतां येतें, ‘तरी’ गाळतां येत नाहीं. ‘पाऊस असला तरी आम्ही गेलों’ हें वाक्य पुरें आहे. ‘जरी पाऊस होता, आम्ही गेलों’ हें कानास लंगडें लागतें. इंग्रजीचा कायदा याच्या नेमका उलट आहे. तेथें पहिला शब्द राहतो, दुसरा जातो. एवढें एक वाक्य मुलास सांगितलें, तर तांबड्या रेघेचें काम उरत नाहीं.

ज्यांस व्याकरणाची गोडी आहे त्यांनीं आणखी एक पाऊल पुढें जावें. ‘पण, परंतु, किंतु’ हीं आपल्या व्याकरणांत न्यूनत्वबोधक अव्ययें. तीं तोलामोलाचीं दोन प्रधान वाक्यें जोडतात. ‘जरी–तरी’ हीं संकेतबोधक; तीं एका वाक्यास गौणत्व देतात. ‘बट’ पहिल्या वर्गांतील, ‘ऑल्दो’ दुसऱ्या वर्गांतील. दोन्ही एकत्र आणलीं म्हणजे पहिलें वाक्य एकाच वेळीं गौणही ठरतें आणि प्रधानही. गंमत अशी कीं, ‘दो’च्या जोडीला ‘यट’ आलेलें मात्र इंग्रजीस खपतें. १६११ च्या इंग्रजी बायबलांत ही जोडी आढळते. कारण तेथें ‘यट’ हें उभयान्वयी नसून आपल्या ‘तरी’सारखें क्रियाविशेषण आहे.

‘हाउएव्हर’ची गोष्ट निराळी. पुष्कळ विद्यार्थी त्यास ‘बट’चा भारदस्त वडील भाऊ समजतात आणि स्वल्पविराम देऊन त्यानें दोन वाक्यें जोडतात. तें जोडणारें अव्ययच नव्हे. त्याच्या अलीकडे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, पलीकडे स्वल्पविराम हवा. संस्कृत शिकलेल्यांस येथें ‘तु’ आठवेल. ‘तु’ वाक्यारंभीं कधींच येत नाहीं. ‘हाउएव्हर’ला आरंभाची बंदी नाहीं, पण ज्या शब्दाचा विरोध दाखवावयाचा त्याच्या मागोमाग तें बसलें म्हणजे आपल्या ‘मात्र’चें काम करतें: ‘ही, हाउएव्हर, डिड नॉट कम’, म्हणजे ‘तो मात्र आला नाहीं’. बोलण्यांत वाक्याच्या शेवटीं येणारें ‘दो’ तर आपल्या ‘आला नाहीं पण!’ मधील ‘पण’च होय.

‘डिस्पाइट’ व ‘इन स्पाइट ऑफ’ यांपुढें वाक्य येत नाहीं, नाम येतें. ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लावूं नये. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ तेव्हांच वापरावें, जेव्हां आधींचें म्हणणें खोडावयाचें असतें. नुसती दुसरी बाजू मांडण्यास ‘ऑन द अदर हँड’ आहे.

हें सर्व परीक्षेच्या गुणांपुरतें असतें, तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. वसतिगृहाचा अर्ज, नोकरीचें पत्र, शिफारस यांत या शब्दांवर माणसाचें बरेंवाईट अवलंबून असतें. ‘ही इज स्लो, बट केअरफुल’ आणि ‘ही इज केअरफुल, बट स्लो’ यांत शब्द तेच आहेत; परंतु ‘बट’नंतर जें येतें तें वाचणाऱ्याच्या मनांत राहतें. पहिल्या पत्रानें मुलास जागा मिळेल, दुसऱ्यानें बहुधा नाहीं. ‘ऑल्दो’ वापरलें तर उणें त्याच्या पोटांत घालावें व गुण प्रधान वाक्यांत ठेवावा: ‘ऑल्दो ही इज स्लो, ही इज केअरफुल.’ मराठींतही आपण असेंच करतों. ‘मुलगी सांवळी आहे, पण हुशार आहे’ असें म्हणणारी आजी आणि ‘हुशार आहे, पण सांवळी आहे’ असें म्हणणारी आजी, या दोघींचीं मनें कोणास सांगावीं लागत नाहींत.