खोट्या धुराड्याची ‘एम्डेन’

राजेहो, आपण झिरो माइलचे लोक. समुद्र बघायचा तर आधी रात्रभर ट्रेनमध्ये बसा! तरीही ही समुद्रातली गोष्ट वाचाच. १९१४ मध्ये एका जर्मन जहाजाने आपल्या बंगालच्या उपसागरात इंग्रजांना घाम फोडला होता. तिचं नाव एम्डेन.

एम्डेन लाइट क्रूझर होती. अशा जहाजाचं काम काय? टेहळणी करायची, शत्रूची व्यापारी जहाजं पकडायची आणि मोठी युद्धनौका दिसली की सटकायचं. म्हणून वेग ताशी ४३ किलोमीटर, १०.५ सेंटिमीटरच्या दहा तोफा, पण बाजूंना जाड चिलखत नाही. वर कोळशाची भूक प्रचंड, आणि जवळपास स्वतःचं एकही बंदर नाही!

कॅप्टन कार्ल फॉन म्युलरने तोड काढली. कोळसा पकडलेल्या जहाजांवरूनच घ्यायचा. आणि एम्डेनच्या तीन धुराड्यांना चौथं खोटं जोडायचं, म्हणजे लांबून ती ब्रिटिश क्रूझर वाटेल. १० सप्टेंबरला ‘इंडस’ हाती लागलं. ते कलकत्त्याहून मुंबईला, सैन्य न्यायला निघालं होतं. त्यावर साबणाचा मोठा साठाही मिळाला! दोन महिन्यांत अशी वीसहून जास्त जहाजं सापडली.

पकडलेल्या खलाशांना म्युलर सुखरूप सोडायचा. त्यामुळे इंग्रजांचे पेपरही त्याचं कौतुक करायचे. पण त्याला ‘जंटलमन’ म्हणताना मद्रास विसरू नका. २२ सप्टेंबरच्या रात्री एम्डेनने तिथल्या तेलाच्या टाक्यांवर शंभरहून जास्त गोळे डागले. टाक्या पेटल्या, बंदरात माणसं मेली, घाबरलेले लोक शहर सोडून पळाले.

९ नोव्हेंबरला एम्डेन कोकोस बेटांवरचं तारघर उद्ध्वस्त करायला गेली. तारघराने त्याआधीच मदतीचा संदेश पाठवला होता. ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ धावून आली. तिच्या तोफा १५ सेंटिमीटरच्या, वेगही जास्त. पहिले नेमके गोळे एम्डेनचेच लागले, पण सिडनीने लांब राहून तिची चाळण केली. शेवटी म्युलरने जहाज प्रवाळावर चढवलं. तिच्यावरचे १३० हून जास्त जण गेले. जी पळण्यासाठी बांधली होती, तिला त्या दिवशी पळायला जागाच उरली नाही.

तमिळमध्ये बेरकी माणसाला आजही ‘एम्डन’ म्हणतात. चेन्नईला गेलात तर हायकोर्टाच्या आवारात या हल्ल्याची पाटी आहे. बीचवर सेल्फी काढण्याआधी ती नक्की वाचा!