प्रतिजैविके : जाणत्यांची सवय, सर्वांचा धोका

घसा दुखू लागला की कपाटातील जुन्या पाकिटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घ्यायच्या, ही सवय आपल्या परिचयाची आहे. याचा दोष आपण सहसा अज्ञानाला देतो. परंतु अनेक देशांतील पाहण्यांतून असे दिसले आहे की, परिचारिका, औषधविक्रेते, वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टरही स्वतःच्या मनाने ही औषधे घेतात.

ज्ञान असूनही असे का घडावे? औषध हाताशी असते, त्याचे नाव पाठ असते. ड्युटी सोडून स्वतःला तपासून घेण्यास सवड नसते आणि आजारपणाची रजा मागणे जड जाते. शिवाय 'मला यातले कळते' हा विश्वास असतो. मात्र सर्दी व बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तर प्रतिजैविके केवळ जिवाणूंवर चालतात. स्वतःच्या आजाराकडे तटस्थपणे पाहणे जाणकारांनाही अवघडच.

अनावश्यक औषधाने शरीरातील दुबळे व उपकारक जिवाणू मरतात. औषधाला दाद न देणारे तगतात आणि वाढतात. पुढे ते घरात आणि रुग्णालयातही पसरू शकतात. म्हणूनच हा प्रश्न एकट्याचा राहत नाही. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगितला होता. त्यांना भीती होती ती अपुरी मात्रा घेणाऱ्या अजाण माणसाची. आज जाणता माणूसही त्याच वाटेने जात आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला.

आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' हा नियम लागू झाला. त्यातील औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहिणे बंधनकारक आहे. परंतु घरातील कपाटावर कोणताही कायदा पहारा ठेवू शकत नाही.

आपल्या अनेक कुटुंबांत परिचारिका आहेत. "सिस्टर, एखादी गोळी सांगा ना," असे शेजारी विश्वासाने म्हणतात. त्या स्वतः काय करतात, हेही ते पाहत असतात. तेव्हा "आधी डॉक्टरांना दाखवा, मीही दाखवते," हे त्यांचे उत्तर पुष्कळांचे रक्षण करील, असे आम्हांस वाटते.